सांतियागोच्या पुढे, समुद्रापर्यंत

खरं तर स्पेनमधल्या सांतियागोला पोचलं की कामिनो ही ख्रिस्ती पदयात्रा संपते. येशूचा शिष्य सेंट जेम्स, त्याची समाधी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे असं मानतात, समोरच्या चौकात लोक सॅक टाकून तिथेच आडवे होतात, रडतात, गळ्यात पडतात. मीही सारियाहून ११५ किलोमीटर चालून आले होते, सर्टिफिकेट मिळालं होतं. पण काही जण तिथून अजून पश्चिमेला चालत राहतात, फिस्तेरापर्यंत, जवळपास ९० किलोमीटर. लॅटिनमध्ये फिनिस तेर्रे म्हणजे भूमीचा शेवट, त्यावरून ते नाव. मला तिथे जायचंच होतं.

आई दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जाते, पावसात, चिखलात. मी निघाले जुलैत, भर उन्हात, आणि गालिसिया, म्हणजे स्पेनचा हा वायव्य कोपरा, तसा हिरवागार पावसाळी भाग पण त्या आठवड्यात ऊन नुसतं मी म्हणत होतं, दुपारी पारा ३५ च्या वर. आईने फोनवर एकच सांगितलं, पहाटे चाल बाई आणि दुपारी सावली सोडू नको. मग रोज साडेपाचला अंधारात निघायचे, हेडलाईट लावून, दगडी खांबांवरचे पिवळे बाण आणि यात्रेची खूण असलेले शिंपले शोधत. समोरून कोणी आलं की "बुएन कामिनो" म्हणायचं, म्हणजे वाट चांगली जावो, आपल्याकडे वारीत "रामकृष्णहरी" म्हणतात ना, अगदी तसंच.

पहिला मुक्काम नेग्रेइरा, तो २१ किलोमीटर, सोपा गेला. दुसरा दिवस मात्र ओल्वेइरोआपर्यंत ३३, आणि त्या दिवशी माझा अंदाज चुकला. निलगिरीच्या जंगलात सावली होती तोवर ठीक, नंतर मक्याची शेतं आणि उघडा डांबरी रस्ता, दोन वाजता गावात पोचले तर दुपारच्या झोपेची वेळ, बार बंद, दुकान बंद, बाटलीत दोन घोट पाणी. टाचेचा फोड फुटलेला. एका ओर्रेओखाली बसले, म्हणजे दगडी पायांवर उभं केलेलं धान्याचं कोठार, उंदीर चढू नयेत म्हणून पायांवर सपाट दगड ठेवलेले असतात, त्याच्या पट्टीभर सावलीत. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, काळा झगा, हातात झाडांना पाणी घालायचा पाईप. "आउगा, आउगा" म्हणत बाटली भरली, आणि मग न विचारता पाईप माझ्या पावलांवर धरला. गालिशियन मला कळत नाही, पण "फिल्या" म्हणाल्या ते कळलं, पोरी. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. वारीत आई अनोळखी बायकांना माऊली म्हणते ते लहानपणापासून ऐकलंय, त्या दिवशी माझ्या तोंडून आपोआप निघालं.

संध्याकाळी पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, वर जाडं मीठ, पाव आणि तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. इतकं चवीने कधी जेवले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ओस्पिताल नावाच्या वस्तीनंतर रस्ता फुटतो, उजवीकडे मुशिया, डावीकडे फिस्तेरा. डावीकडे वळलं की पुढे जवळपास पंधरा किलोमीटर काहीच मिळत नाही, म्हणून तीन लिटर पाणी पाठीवर. माळरान, वारा, गोर्सची पिवळी काटेरी झुडपं, आणि एका दगडी क्रूसापाशी एकदम खाली समुद्र दिसला. पाय थांबलेच. इतके दिवस ऐकत होते की शेवटी समुद्र आहे, पण दिसल्यावर घशात काहीतरी दाटून आलं. त्या रात्री से नावाच्या गावात मुक्काम.

चौथ्या दिवशी लांगोस्तेइराच्या वाळूतून बूट हातात घेऊन चालले, मिठाच्या पाण्याने फोड चरचरले तरी बाहेर यावंसं वाटेना. तिथेच किती वेळ काढला कुणास ठाऊक. गावातून पुढे तीन किलोमीटर चढ, आणि दीपगृहापाशी शेवटचा खांब, त्यावर ०,००० किलोमीटर.

खडकावर बसून आईला व्हिडिओ कॉल केला, तिकडे रात्रीचे साडेआठ, ती जेवत होती.

"पोचलीस? देऊळ कुठंय गं?"

मी फोन फिरवला. खडकावर आपटणारं पाणी आणि पुढे नुसता अटलांटिक. तिने डाव्या हाताने ताट बाजूला सरकवलं, हात धुवायला उठली आणि परत येऊन फोनसमोर हात जोडले.