बसत नाही

मे महिन्यात दुपारी अडीचला सोलापुरात शहाणा माणूस पंख्याखाली पडून राहतो. मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या मेल सर्व्हरचा, म्हणजे माझ्या स्वतःच्या ईमेल टपालखान्याचा, लॉग (नोंदवही) वाचत बसलो होतो. "मामा, जीमेल असताना हे कशाला?" भाची नेहमी विचारते. कोपऱ्यावर मिळतो तरी लोक अंगणात कढीपत्ता लावतातच ना, म्हणून सोडून देतो.

दुखणं असं, की चार ओळींचं पत्र सुळकन जायचं आणि फोटो जोडले की अडायचं. आधी 'इहेलो' म्हणून रामराम. पलीकडचा सर्व्हर २५० म्हणायचा, म्हणजे ठीक. मग ३५४, म्हणजे हं, सांगा. आणि मी सांगायला लागलो की सगळं गप्प, थोड्या वेळाने लाइन तुटलेली. पोस्टफिक्स, म्हणजे माझ्याकडचा पत्रं पोचवणारा प्रोग्रॅम, तसा चिवट. पाच दिवस पुन्हा पुन्हा दार वाजवतो, मग पत्र परत आणून टाकतो. ताईला पाठवलेले गल्लीतल्या लग्नाचे फोटो असे दोनदा परत आले. केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, लाइनवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या.

अण्णांना हे जमलं असतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार माग. जेवण झालं की ते शेडच्या दारातच आडवे व्हायचे आणि त्या खडखडाटात चक्क घोरायचे. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. चारातला एक गप्प झाला, की अण्णांचे डोळे उघडलेच! उठायचे, धोटा काढायचे, नवी कांडी घालून त्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि धागा श्वासाने ओढून घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं, अण्णा धोट्याचा पापा घेतात.

माझं दुखणं सापडायला संध्याकाळ झाली. माझा कॉम्प्युटर १५०० बाइटची पाकिटं सोडत होता. लाइनवरचं पीपीपीओई, म्हणजे इंटरनेटवाल्याशी जोडून देणारी पद्धत, प्रत्येक पाकिटात आठ बाइट स्वतःसाठी ठेवतं, म्हणजे जागा १४९२ ची. मोठं पाकीट आलं की राउटर उलटा निरोप धाडतो: बसत नाही, लहान करा. निरोप येतो आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवायच्या ठरलेल्या वाटेने. आणि सुरक्षिततेच्या उत्साहात महिन्यापूर्वी फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद करणारा शहाणा मीच. आठ बाइट! तो बिचारा राउटर महिनाभर सांगत होता.

निरोपाला वाट करून दिली, १४९२ लिहिलं, फोटो गेले. रात्री ताईचं उत्तर आलं, दोनच ओळींचं.

"नवरी गोड आहे. मंडपामागे आपली शेड दिसत नाही रे, माग विकलेस का?"

दिवाळीतच विकले. तिला कळवायचं राहून गेलं होतं.