भिंतीवरचा मायस्टरब्रीफ आणि तळघरातली खतावणी

जर्मनीतल्या एखाद्या सुतार घराण्याची कार्यशाळा बंद होते, तेव्हा वारसांचा पहिला हात जातो तो भिंतीवरच्या मायस्टरब्रीफकडे. उस्तादकीचं हे प्रमाणपत्र देखणं असतं. काचेची चौकट, शिक्का, ठसठशीत वळणदार अक्षरं. पण त्यातून कळतं ते एवढंच: नाव, धंदा, तारीख आणि परीक्षा घेणारी संस्था. १८९७च्या कायद्यानंतर १९००च्या सुमारास जागोजागी हांडव्हेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांची अधिकृत मंडळं, उभी राहिली. ही माहिती त्यांच्या दप्तरीही बऱ्याचदा मिळते. तळघरातली कीर्द-खतावणी मात्र जगात एकच असते. गावातल्या कोणी कपाट करून घेतलं, लाकूड ओकचं की पाइनचं, किती मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) ठरले, किती बुडाले, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. आणि नेमकी तीच रद्दीत जाते, कारण कायदा तसं सुचवतोय असं लोकांना वाटतं. जर्मन करकायद्यानुसार हिशेबाच्या वह्या १० वर्षं ठेवाव्या लागतात आणि पावत्या-बिलं २०२५पासून ८ वर्षं. मुदत सरली की घरातलं कोणीतरी कागद फाडायचं यंत्र आणतं. ती मुदत करखात्याची असते, घराण्याची नव्हे.

घराण्याच्या कागदांचं खोकं उघडल्यावर लगेच लावालाव करू नका. सगळ्यात जास्त नुकसान उत्साही हात करतात. आधी खोक्याचा फोटो काढा, त्याला क्रमांक द्या आणि वरून खाली कोणत्या थरात काय होतं ते कागदावर उतरवा. बिलात घडी घालून ठेवलेला जिन्याचा नकाशा त्या बिलाचाच असतो. तो ‘नकाशे’ नावाच्या ढिगात गेला की जिना कोणाच्या घरचा होता हे कायमचं पुसलं जातं. एखादी वस्तू वेगळी ठेवणं भाग असेल, म्हणजे फोटो किंवा निगेटिव्ह असेल, तर तिच्या जागी चिठ्ठी ठेवा: काय होतं आणि आता कुठे आहे. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा.

कागद ओळखायला थोडा इतिहास लागतो. १७३१च्या साम्राज्यव्यापी कारागीरसंघ-कायद्यानंतरचं ‘कुंडशाफ्ट’ म्हणजे फिरत्या कारागिराच्या चांगल्या वर्तणुकीचा छापील दाखला. त्यावर बऱ्याचदा शहराचं कोरीव चित्र असतं. एकोणिसाव्या शतकात त्याची जागा वांडरबुखने घेतली. ही लहानशी पुस्तिका, आणि तिच्यात गावोगावच्या पोलिसांचे शिक्के. ते तारखेनुसार नकाशावर मांडले की माणूस कुठून कुठे चालत गेला हे दिसतं. उमेदवारी संपल्याचा लेअरब्रीफ, परीक्षा पास झाल्याचा गेझेलेनब्रीफ हे त्याच माळेतले मणी. प्रशियात कारागीरसंघाबाहेर राहून धंदा करायचं स्वातंत्र्य १८१०लाच आलं होतं. १८६९च्या उत्तर जर्मन गेवेर्बेऑर्डनुंगनंतर, म्हणजे व्यवसाय-कायद्यानंतर, ते इतरत्रही पसरलं. त्यामुळे त्या काळातले कारागीरसंघाचे कागद सापडले नाहीत तर ते हरवलेच असं समजू नका. मुळात ते झालेच नसतील.

धंद्याचं नावही प्रांतागणिक बदलतं. दक्षिणेत श्राइनर तोच उत्तरेत टिशलर. पत्रेकाम करणारा कुठे श्पेंगलर, कुठे क्लेम्पनर, कुठे फ्लाशनर. पिंपं करणारा क्युफर किंवा ब्योटशर. सूची करताना दोन्ही नावं घाला, नाहीतर स्थलांतर केलेला पणजोबा हातातून निसटतो. जुन्या नोंदींत बाईच्या आडनावाला ‘इन’ जोडलेलं असतं. म्युलरिन हे वेगळं घराणं नव्हे, म्युलरांचीच बाई. आणि ‘७बर’ असं लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे (लॅटिन सेप्टेम म्हणजे सात). पुढे ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर. या एका खुणेने कित्येक वंशावळी दोन महिन्यांनी घसरल्या आहेत.

लिपी ही पहिली अडचण. मोडी न येणाऱ्याला जसं पेशवे दप्तर, तसं आजच्या जर्मन नातवाला कुरेंट, ही जुनी जर्मन हस्तलिपी. तिच्यात ‘ए’ हे अक्षर ‘एन’सारखं दिसतं, आणि ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान नसेल तर तेही ‘एन’च वाटतं. १९१५पासून प्रशियाच्या शाळांत झ्युटरलीन हे तिचं सोपं रूप शिकवलं गेलं. १९४१च्या आदेशाने या दोन्ही लिप्या शाळांतून गेल्या. वाचायला सुरुवात विशेषनामांपासून करा. ती अनेकदा लॅटिन वळणात लिहिलेली असतात, आणि त्यांवरून लेखकाची अक्षरं ओळखीची होतात. इन्सब्रुकहून चालणारं ट्रान्सक्रिबुस हे यांत्रिक वाचन कुरेंटचा पहिला खर्डा चांगला देतं, पण आडनावं आणि रकमा डोळ्यांनीच तपासाव्या लागतात. खतावणीत तर नेमक्या त्याच दोन गोष्टी महत्त्वाच्या.

आता कागदाच्या प्रकृतीबद्दल. १८२०चं वांडरबुख लवचीक आणि १९४७चं बिल बिस्किटासारखं मोडणारं, हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. जुना कागद चिंध्यांपासून होत असे. १८०७च्या सुमारास एर्बाखच्या मोरिट्झ इलिगने राळ आणि तुरटीने कागदाला खळ द्यायची रीत दिली. १८४०च्या दशकात सॅक्सनीच्या फ्रीड्रिश केलरने लाकूड घासून लगदा काढला. दोन्ही मिळून स्वस्त कागद आला, आणि त्याच्या पोटात आम्लही. जुन्या कागदाचा शत्रू वेगळा. लोह-मायफळाची शाई ओल लागली की कागद खाते. आधी अक्षरांभोवती तपकिरी छटा येते, मग अक्षरंच गळून खिडक्या पडतात. अशी पानं पुसायची नाहीत, ओली करायची नाहीत, चिकटपट्टी तर लावायचीच नाही.

कारागिरांच्या दप्तरात काही खास फसवे कागद असतात. कोपीरबुख, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या दाबून घेतलेल्या नकला: पातळ पानं आणि पाण्यात विरघळणारी शाई. कोपीरश्टिफ्टची अक्षरं पेन्सिलीची वाटतात, पण पाण्याचा थेंब पडताच जांभळी होऊन पसरतात. निळ्या नकाशांना, म्हणजे ब्लाउपाउझेंना, अल्कली सोसत नाही, निळा रंग उडतो. म्हणून इतर कागदांसाठी उत्तम असलेलं चुनायुक्त पाकीट त्यांना घातक. त्यांना साधं, बिनचुन्याचं. अमोनियाने उठवलेल्या नकाशांच्या डायझो प्रती शेजारच्या वस्तू खराब करतात, त्यांना वेगळं खोकं द्या.

साफसफाई कोरडीच: बकरीच्या केसांचा मऊ ब्रश, मधून बाहेरच्या दिशेने. गंजलेल्या टाचण्या-क्लिपा ओढू नका. मागेपुढे पातळ पॉलिएस्टरचा तुकडा सरकवून हलकेच सोडवा. लाइट्झ कंपनीच्या फायलीतले कागद लोखंडी कमानीतून काढून घ्या, कारण भोकांपाशीच ते फाटतात. टेसाफिल्मचा, म्हणजे चिकटपट्टीचा, डिंक कागदात मुरून पिवळा झालेला असेल तर तिथे हात थांबवा, ते काम संवर्धकाचं. बुरशी दिसली तर एफएफपी२ मास्क, हातमोजे आणि वेगळी पिशवी. घरात ब्रश मारू नका, बीजाणू सगळ्या दप्तरावर बसतील.

फोल्डर आयएसओ ९७०६ प्रमाणातल्या कागदाचे घ्या. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचा किमान २ टक्के साठा असतो. खोकं गच्च भरू नका आणि अर्धं रिकामंही ठेवू नका, कागद वाकतात. जागा महत्त्वाची. जर्मन घरात सगळं एकतर तळघरात जातं, जिथे ओल असते, नाहीतर माळ्यावर, जिथे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. दोन्ही वाईट. राहत्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीचं कपाट चांगलं, बाहेरच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर दूर. तापमान १८ अंशांच्या आसपास, सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के. ६० ओलांडली की बुरशीला आमंत्रण. आर्द्रतामापक खोलीत नको, कपाटात ठेवा. साधी कसर ओलीवर जगते, पण हल्ली जर्मन घरांत पसरलेली पापीअरफिशशेन ही तिची बहीण कोरड्या, उबदार खोलीतही खुशाल राहते, आणि कागद खाते. कोपऱ्यांत चिकट सापळे लावून महिन्यातून एकदा बघा.

मायस्टरब्रीफ भिंतीवर हवाच असेल तर छापील प्रत लावा. मूळ प्रत अंधारात, सपाट. चौकटीच्या मागच्या लाकडी फळीने कागदावर तपकिरी डाग पाडलेले असतात. ते बघितले की पटतं.

फोटोंचं गणित निराळं. १८६०च्या दशकापासून चाललेली ६ बाय १० सेंटिमीटरची कार्ट द व्हिझिट, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो, हाताशी असेल तर मागची बाजू आधी पाहा: छायाचित्रकाराचं नाव आणि रस्ता छापलेला असतो, आणि त्या शहराच्या जुन्या पत्तापुस्तकांवरून वर्षं ठरतात. टोकदार कोपरे बहुधा जुने, गोल कोपरे आणि सोनेरी कडा नंतरच्या. पोस्टकार्ड-फोटोची मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली असेल तर तो १९०५नंतरचा. बिलावरचा चार आकडी टपाल क्रमांक १९६१नंतरचा, पाच आकडी १९९३नंतरचा. रकमा टालर या जुन्या नाण्यात, मार्कमध्ये, की लाखो-अब्जांत? अब्जांत असतील तर १९२३.

फोटोंची पाकिटं छायाचित्र-सक्रियता चाचणी, म्हणजे आयएसओ १८९१६, पास झालेली हवीत. पीव्हीसी बिलकूल नको. सत्तरच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. आधी पानासकट स्कॅन करा, मग पातळ दोरा मागून सरकवून बघा. काचेच्या प्लेटा चार पाकळ्यांच्या कागदी पाकिटात, लांब बाजूवर उभ्या. आडव्या रचल्या तर खालची फुटते. निगेटिव्हला व्हिनेगरचा वास आला तर ती अॅसिटेट, बाकीच्यांपासून दूर करा. पिवळट, चिकट आणि आंबूस-तिखट वासाची जुनी फिल्म नायट्रेट असू शकते. ती पेट घेते, म्हणून घरात ठेवू नका आणि नगर-संग्रहाला विचारा.

पाणी शिरलंच तर ४८ तासांच्या आत ओले कागद पिशव्यांत घालून गोठवा. २००९मध्ये कोलोनचा ऐतिहासिक संग्रह कोसळल्यावरही ओले दस्तऐवज गोठवूनच वाचवले. काचेच्या प्लेटा आणि टिनटाइप (पत्र्यावरचे फोटो) मात्र गोठवायचे नाहीत, हवेवर वाळवायचे.

स्कॅन करताना कागद ३०० ते ४०० डीपीआय, लहान फोटो ६००, ९ बाय १२ सेंटिमीटरच्या प्लेटा १२००. मूळ फाइल टिफ, दाखवायला जेपेग. दोन्ही बाजू, कोऱ्या दिसल्या तरी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरात. वर्षातून एकदा उघडून पाहा.

कार्यशाळेच्या सामूहिक फोटोत मधोमध बसलेला मालक बहुधा ओळखू येतो. बाजूचे कारागीर आणि झाडू धरलेली पोरं कोण, ते सांगणारा माणूस ऐंशीच्या पुढे असतो. फोटोची झेरॉक्स घ्या, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला, खाली नावं लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह.

घरात ठेवणारा कोणी नसेल तर श्टाटआर्शीव, म्हणजे नगर-संग्रह, किंवा प्रांतीय व्यवसाय-संग्रहाकडे जा. कोलोनमधला राइनिश-वेस्टफालिश व्यवसाय-संग्रह १९०६पासून आहे, बाडेन-वुर्टेम्बेर्गचा श्टुटगार्टच्या होहेनहाइममध्ये. दान की डेपोझिटुम (ठेव), हे आधी ठरवा. डेपोझिटुममध्ये मालकी घराण्याचीच राहते, म्हणून करारात मुदत, परत मागण्याच्या अटी आणि वारसांपैकी बोलण्याचा अधिकार कोणाला, हे लिहून घ्या. छायाचित्रातल्या माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क मृत्यूनंतर १० वर्षं टिकतो, त्यामुळे अलीकडच्या फोटोंसाठी पाहण्याची मर्यादा आधीच नोंदवा. आणि खोक्यांबरोबर तुमची थरांची यादी द्या, पेन्सिलीने लिहिलेली, तशीच.