तान्ह्या बाळाला बधिर करणारं क्रीम : किती, कुठे, किती वेळ

गारगोटी किंवा गगनबावड्याहून तान्हं बाळ कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवताना, शिरेत सुई घालताना दुखू नये म्हणून तिथेच हातावर बधिर करणारं क्रीम लावून दिलं, तर कल्पना चांगली आहे. असर यायला तास लागतो, तो प्रवासात निघून जातो. पण कॅज्युअल्टीत शीर दुसऱ्या हातावर बरी दिसली आणि तिथे पुन्हा क्रीम थापलं, की डोस दुप्पट झाला. म्हणून क्रीम झाकणाऱ्या पारदर्शक पट्टीवर पेनाने वेळ आणि ग्रॅम लिहाच, आणि रेफरलच्या चिठ्ठीतही.

लिडोकेन आणि प्रिलोकेन अडीच-अडीच टक्के असलेल्या क्रीमची मर्यादा अशी : बाळ 3 महिन्यांच्या आतलं किंवा 5 किलोहून कमी असेल तर 1 ग्रॅम, 10 चौरस सेंटिमीटर जागा, एक तास, 24 तासांत एकदाच. 3 ते 12 महिने आणि वजन 5 किलोच्या वर असेल तर 2 ग्रॅम, 20 चौरस सेंटिमीटर. हा हिशेब अख्ख्या अंगाचा आहे, एकेका जागेचा नाही. बोटाने अंदाज चुकतो. बिनसुईच्या सिरिंजमध्ये क्रीम भरा, 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम.

एवढी काटेकोरी का? प्रिलोकेन शरीरात मोडताना जो पदार्थ बनतो, तो हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतो, आणि ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. ते पूर्ववत करणारं एन्झाइम तान्ह्यात कमी असतं. सल्फा, डॅप्सोन, फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन यांपैकी एखादं औषध चालू असेल तर धोका वाढतो. अशा बाळाला आणि 37 आठवडे न भरलेल्याला हे क्रीम नकोच. इसब किंवा सोललेल्या कातडीतून औषध भराभर आत शिरतं.

मेथहिमोग्लोबिन वाढल्याच्या खुणा अशा : ओठ राखाडी-निळे, ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकलेला, ऑक्सिजन लावूनही आकडा हलत नाही, रक्त चॉकलेटी. मग क्रीम लगेच पुसा, को-ऑक्सिमेट्री (रक्तातलं मेथहिमोग्लोबिन मोजणारी तपासणी) करा. उपचार मिथिलिन ब्लू, किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम, पाच मिनिटांत शिरेतून सावकाश. जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर ते देऊ नये, म्हणून आधी घरच्यांना विचारा.

क्रीमने कातडी पांढुरकी पडून शीर दबते. पुसल्यावर दहा मिनिटं थांबलं की पुन्हा दिसते. टाचेच्या टोचणीला क्रीमचा उपयोग होत नाही, तिथे आईने अंगावर पाजत राहावं. आणि बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल तर क्रीमची वाट पाहूच नका, सुई आधी.