बाराव्या दिवसाचा टोमॅटो

सकाळी नागपूरच्या कॉटन मार्केटला जाऊन भाजी आणणे हे काम मी निवृत्तीनंतर आपणहून अंगावर घेतले, आणि त्यात मी पारंगत आहे अशी, निदान माझी तरी, खात्री होती. भेंडीचे टोक मोडून पाहावे, वांगे हातात तोलावे, टोमॅटो लालबुंद निवडावा आणि निघताना भाजीवाल्याकडून मूठभर सांबार पिशवीत वरून टाकून घ्यावा, हा माझा शिरस्ता. (पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.) ही खात्री गेल्या जानेवारीत मलेशियातल्या लंकावी बेटावर आठ दिवसांत पार उतरली.

माझी पुतणी आणि तिचा नवरा ३८ फुटी शिडाच्या बोटीवर राहतात. नागपूरच्या मुलीने अंबाझरीच्या तलावापलीकडे पाणी न पाहता थेट समुद्रावर संसार थाटावा, याचे आश्चर्य आमच्या घरात अजून ओसरलेले नाही. मी गेलो तेव्हा त्यांची श्रीलंकेतल्या गॉलला निघण्याची तयारी चालू होती. अंतर सुमारे १२०० सागरी मैल. ताशी पाच मैलांनी बोट रात्रंदिवस चालली तर दिवसाला १२० मैल, म्हणजे दहा दिवस. त्या महिन्यांत वारा ईशान्येचा, म्हणजे पाठीशी असतो. पण मध्येच वारा पडला तर वाटेत कोपऱ्यावरचे किराणा दुकान नाही, म्हणून खाण्याचा हिशेब वीस दिवसांचा.

लंकावीत रात्रीचा बाजार रोज वेगळ्या गावी भरतो, आणि कुआह या मुख्य गावाची पाळी बुधवारी आणि शनिवारी येते. बुधवारी, शनिवारी, मंगळवारी, इतवारी अशी वारांचीच नावे बाजारांना देणाऱ्या गावातून गेलेल्या माणसाला ही व्यवस्था लगेच आपली वाटली. आपलेपणाच्या त्या भरात मी सवयीने किलोभर सुरेख लाल टोमॅटो निवडून पुतणीपुढे धरले. तिने त्यातले दोन ठेवून घेतले आणि बाकीचे परत केले.

"काका, तुम्ही आजच्या स्वयंपाकाची भाजी घेऊन राहिले," ती म्हणाली. "मला बाराव्या दिवसाची पाहिजे."

मग तिची निवड मी मुकाट्याने पाहत राहिलो. टोमॅटो तिने तीन रंगांचे घेतले : थोडे पिकलेले, थोडे पिवळसर आणि सर्वांत जास्त पार हिरवे. प्रत्येकाच्या देठाभोवती अंगठा फिरवून डाग किंवा मऊ जागा चाचपायची, कारण दुखावलेले एक फळ टोपलीतल्या इतरांना घेऊन बुडते. केळीही अशीच हिरवी. ती मात्र एकदा पिकायला लागली की सगळी एका दिवशी पिकतात, त्यामुळे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ शिकरणच होते, अशी तिच्या नवऱ्याची तक्रार. फ्लॉवर तिने घेतलाच नाही. पत्ताकोबीचे चार गड्डे घेतले. पत्ताकोबी सुरीने मधोमध कापायचा नाही, बाहेरून एकेक पान सोलून वापरायचे, म्हणजे आतला गड्डा तीन-तीन आठवडे शाबूत राहतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. सांबाराकडे मीच बोट दाखवले. तिने एक जुडी घेतली खरी, पण एखाद्या पाहुण्याला गाडीपर्यंत पोचवायला जावे तशा चेहऱ्याने.

सामान बोटीवर चढवण्याआधी धक्क्यावरच अर्धा तास मोडला. खोकी, पुठ्ठे, कागदी वेष्टने सगळी तिथेच काढून टाकायची, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात, आणि बोटीवर शिरलेले झुरळ काढायला पेस्ट कंट्रोलवाला समुद्रात येत नाही. भाज्या धुऊन, अगदी कोरड्या करून मगच आत. डब्यांवरचे कागदी लेबलही सोलून टाकतात, कारण बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यात ते सुटते आणि पाणी उपसणाऱ्या पंपात जाऊन बसते. मग झाकणावर मार्करने नाव लिहायचे. त्यात एकदा चूक झाली आणि छोल्यांच्या ऐवजी अननस निघाला, तोही फोडणी तयार झाल्यावर.

टोमॅटो गुंडाळायला कागद हवा होता. मी नागपुरातून लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रांत गुंडाळून नेल्या होत्या; ती रद्दी कामी आली. बोटीच्या छोट्या टेबलाशी बसून मी एकेक हिरवा टोमॅटो कागदात बांधत होतो आणि सवयीने बातम्याही वाचत होतो, म्हणून एका टोमॅटोला पाच मिनिटे लागत होती. उड्डाणपुलाच्या कामाची बातमी मी मुद्दाम सर्वांत कच्च्या टोमॅटोला गुंडाळली.

अंड्यांचे शास्त्र मला सर्वांत आवडले. न धुतलेली आणि फ्रिजमध्ये कधीच न गेलेली अंडी घ्यायची, कारण अंड्यावरचे नैसर्गिक आवरण धुतल्याने जाते, आणि एकदा गार केलेले अंडे पुन्हा बाहेर टिकत नाही. दर एक-दोन दिवसांनी ती उलटी करायची, म्हणजे आतला बलक एका बाजूला कवचाला चिकटत नाही. शंका आली तर पाण्यात सोडून पाहायचे. तरंगले की समुद्रात. कांदे आणि बटाटे दोन टोकांना, वेगवेगळ्या जाळ्यांत टांगलेले, कारण शेजारी ठेवले तर बटाट्याला लवकर कोंब येतात. बोट डोलली की या जाळ्या झुल्यासारख्या हलतात आणि फळे आपटत नाहीत. तांदूळ एका मोठ्या डब्यात न ठेवता छोट्या बाटल्यांत भरलेला आणि प्रत्येकीत तेजपान. ते पाहून मला नागपूरच्या महाल भागातले माझ्या आजीचे कोठीघर आठवले. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळणारी, गव्हात कडुनिंबाचा पाला घालणारी, उन्हाळ्यात गच्चीवर मुगवड्या वाळवणारी ती बाई या बोटीवर पहिल्याच दिवशी रुळली असती. मी, दारात फ्रिज आणि भाजीची गाडी असलेला, नसतो.

संत्री न्यायचा माझा हट्ट होता, तो पुतणीने निघण्यापूर्वीच मोडून काढला होता. आपल्या संत्र्याची साल सैल. सोलायला सोपी, पण प्रवासाला कच्ची. बोटीवर लिंबे. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने सॅलिसबरी जहाजावर स्कर्व्ही (ताजी फळे-भाजी न मिळाल्याने होणारा रोग) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी. आणि ज्या जोडीला संत्री-लिंबे मिळाली तीच चटकन उभी राहिली. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडावे लागले. यात संत्र्याचाही वाटा आहे हे मी पुतणीला सांगून पाहिले. तिने लिंबांची पिशवी टांगली आणि शेजारी मुगाला मोड आणायची बरणी ठेवली.

मी परतलो, आणि चौथ्या दिवशी ते निघाले. अकराव्या दिवशी गॉलहून फोन आला. उड्डाणपुलाचा टोमॅटो अजून शिल्लक होता, आता कुठे लाल होत होता. पत्ताकोबीचा मात्र दोघांनाही वीट आला होता. बंदरावर उतरून पहिल्यांदा काय घेतलेस, असे मी विचारले. हिरवे काहीतरी हवे होते, म्हणून गोटुकोला या तिथल्या पालेभाजीची जुडी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या तिचा वास घेत राहिले, असे ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "काका, तिकडे सांबार काय भाव आहे?"

मी त्या वेळी कॉटन मार्केटातच होतो. "भाजीवर फुकट," मी म्हणालो, आणि भाजीवाल्याने तेवढ्यात मूठभर टाकलाही.