क्ष पूर्णांक आहे असं कुठे लिहिलंय?

"३क्ष ही सम संख्या आहे. तर क्ष सम असेलच का?"

भाचीच्या सराव परीक्षेतला प्रश्न. मी वाचता वाचताच 'हो' म्हणून मोकळा झालो. विषम गुणिले विषम विषमच येतं, म्हणजे ३ ला गुणून सम उत्तर हवं तर क्ष समच हवा. झालं की!

तिने पेन्सिलीचं टोक प्रश्नाखालून हळूहळू फिरवलं, एकेका शब्दाखाली थांबत. मग म्हणाली, "मामा, क्ष पूर्णांक आहे असं यात कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं.

तिने समासात लिहिलं, क्ष = २/३. तिनाने गुणलं की बरोबर २. सम! आणि २/३ स्वतः ना सम, ना विषम.

माझा नियम चुकीचा नव्हता. पण तो पूर्णांकांचा नियम आहे, आणि 'पूर्णांक' हा शब्द मी माझ्याच खिशातून काढून प्रश्नात घातला होता.

मग रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं. क्षचा वर्ग सम, म्हणून क्ष सम? √२ चा वर्ग २ येतोच की. 'सम संख्या' म्हटलं की मनात २, ४, ६ येतात. ० आणि −४ सुद्धा सम आहेत, हे आठवावं लागतं. इतकी वर्षं किती प्रश्न मी असे न वाचताच सोडवले असतील!

आता तुम्ही सांगा: दोन संख्यांची बेरीज सम आहे. मग दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असायलाच हव्यात का?