दोन इंची कोल्ट आणि टेक्सासचं लायसन्स

२०२१च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये हँडगन बाळगायला लायसन्स लागत नाही; मूळ कायद्यात वयाची अट २१ची होती, आणि कायद्याने अपात्र नसावं, एवढंच. मग तू कशाला त्या भानगडीत पडलास, असं आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांनी विचारून झालंय. उत्तर रुक्ष आहे. केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेपासून हजार फुटांच्या आत, रस्त्यावर, भरलेली बंदूक जवळ ठेवायची तर राज्याचं लायसन्स हवं. ह्यूस्टनच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो तिथे दूध आणायला निघालं तरी वाटेत एक शाळा लागतेच. शिवाय लायसन्स असलं की शेजारच्या लुइझियाना-ओक्लाहोमात जातानाही डोक्याला ताप नाही.

एच-वन-बीवर असताना हा विषयच नव्हता. नॉन-इमिग्रंट व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवता येत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर मग एका जुन्या दुकानाच्या सेकंडहँड कपाटासमोर उभा राहायला लागलो.

तिथे दिसली ती कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल, एक छोटी रिव्हॉल्व्हर. कोल्टने हे मॉडेल १९२७मध्ये काढलं: .३८ स्पेशल जातीचं काडतूस, दोन इंची नळी, सहा गोळ्या, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. स्मिथ अँड वेसनची चीफ्स स्पेशल १९५०मध्ये आली, ती पाच गोळ्यांची. त्या एका जादा गोळीवरून इथले म्हातारे अजून वाद घालतात. माझी १९६४ची, कोल्टच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकला की साल कळतं. निळसर पॉलिश कडांना झिजलेली, म्हणजे कुणाच्या तरी कमरेला ती बरीच वर्षं होती. आत मात्र स्वच्छ.

जुनी कोल्ट घेणाऱ्याने एक गोष्ट दुकानातच करावी. दुकानदाराला विचारून, रिकामी असल्याची खात्री करून, सिलिंडरला, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाला, बोटाने हलकासा अडसर द्यायचा आणि घोडा (मागचा हॅमर) अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा मागे अडकायच्या आधी, फार तर त्याच क्षणी, सिलिंडर आपल्या जागी खटकन बसला पाहिजे. नाही बसला तर टायमिंग गेलंय. मग चाप दाबून धरायचा आणि सिलिंडर हलवून बघायचा; चांगल्या कोल्टमध्ये तो तिजोरीच्या दारासारखा गच्च असतो. ही गच्च बैठक ज्या नाजूक भागांमुळे येते, तेच भाग झिजतात, आणि ते फाइलने बसवणारे कारागीर आता फार उरलेले नाहीत. माझी पास झाली. बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरला, एफबीआयची तपासणी झाली, पैसे दिले. एवढं सोपं असावं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

अवघड प्रकरण नेमबाजीच्या रेंजवर सुरू झालं. सात यार्डांवर कागदाच्या ताटलीवर नेम धरला तर गोळ्या ताटली सोडून सगळीकडे. दोष नळीचा नसतो. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतरच इतकं कमी की हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडे. त्यात जुन्या कोल्टचा चाप शेवटच्या टप्प्यात एकदम जड होतो. त्यातली स्प्रिंगच तशी असते, तो काही बिघाड नव्हे. घोडा अंगठ्याने आधी ओढून ठेवला तर सगळं हलकं आणि सोपं, पण जी बंदूक प्रसंगासाठी बाळगायची ती डबल अ‍ॅक्शनमध्येच, म्हणजे फक्त चाप ओढून चालवता आली पाहिजे, असं मला शिकवणाऱ्या निवृत्त पोलिसाचं ठाम मत. मला ते पटलं.

मग घरी डमी काडतुसं घालून सराव. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, माशीमागे नळीवर एक डाइम ठेवलेला, आणि चाप असा ओढायचा की नाणं पडता कामा नये. बायको म्हणाली, “अहो, टीव्हीकडे तोंड करून नका करू.” भिंत बदलली. हळूहळू तो जड टप्पा उपयोगी वाटायला लागला: तिथे आलं की आता सुटणार, हे बोटाला आधी कळतं. रेंजवर १४८ ग्रेन वजनाची वॉडकटर वापरली. सपाट तोंडाची गोळी, धक्का कमी, कागदाला पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल भोक. जास्त दाबाची +पी काडतुसं मी या बंदुकीत घालत नाही. साठ वर्षांच्या यंत्रावर ती जबरदस्ती कशाला?

मुठीचाही त्रास होता. चापाच्या कड्यामागे पोकळी असते, तिथे मधल्या बोटाच्या पेराला प्रत्येक गोळीला टोला बसतो. टायलर टी-ग्रिप नावाचा एक छोटा धातूचा तुकडा ती पोकळी भरतो. मुठीची जुनी लाकडं न बदलता काम झालं.

लायसन्सचा वर्ग एका शनिवारी उरकला. बळाचा वापर कधी कायदेशीर, भांडण न वाढवता कसं मिटवायचं, मुलांपासून बंदूक कशी दूर ठेवायची, हे विषय. भांडण मिटवण्याचा भाग सगळ्यात चांगला शिकवला. परीक्षा पन्नास गोळ्यांची: तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा, २५०पैकी १७५ गुण हवेत. बाकी सगळे मोठ्या पिस्तुलांवर. माझी अडचण सिलिंडर रिकामा करताना. आखूड नळीखालची, काडतुसं बाहेर ढकलणारी दांडीही आखूड, त्यामुळे रिकामी काडतुसं पूर्ण बाहेर पडत नाहीत. नळी वर करून दांडीवर तळहाताने जोरात मारावं लागतं. पंधरा यार्डांवर थोडे गुण गेले, तरी पास झालो. बोटांचे ठसे, चाळीस डॉलर, आणि काही आठवड्यांनी पोस्टाने कार्ड.

जवळ बाळगणं हा वेगळाच उद्योग निघाला. ऑगस्टच्या ह्यूस्टनमध्ये घामाने निळं पॉलिश गंजतं, म्हणून रोज रात्री तेलाचं फडकं फिरवायचं आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये बंदूक ठेवून द्यायची नाही. चामडं ओल धरतं. दुकानांच्या दारांवरच्या ३०.०६ आणि ३०.०७च्या पाट्या वाचायची सवय लागते. पहिली लपवून नेण्याला मनाई करते, दुसरी उघड नेण्याला. आमच्या मंदिराच्या दारावर दोन्ही आहेत. आरतीला जाताना ती घरच्या लोखंडी पेटीतच असते. खरं सांगायचं तर, मंदिर नसलं तरी पुष्कळदा तिथेच असते.