रात्रपाळीचा चोपडा

आई होती तोवर कुणी "मुलगा काय करतो?" म्हणून विचारलं की ती सांगायची, "कारखान्यांची रात्रपाळी बघतो. पण झोपतो घरीच." वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात हे उत्तर इतकं रुळलं, की शेजारच्या काकूंनी एकदा आपल्या भाच्याला वॉचमनच्या नोकरीसाठी माझ्याकडे पाठवलं. कारखान्यांच्या संगणकांवर रात्री आपोआप चालणारी कामं सांभाळायची, या आमच्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मला आजही जमत नाही.

१९९४ ते २००७ मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात ईडीपीला, म्हणजे संगणक खात्यात, होतो. पगाराचा हिशेब रात्री लावून घरी जायचं आणि सकाळी लाइन प्रिंटरमागे पडलेला कागदाचा ढीग उचलायचा, हाच तेव्हाचा बॅच जॉब. मग कंपनीत सॅप आलं, म्हणजे हिशेब, खरेदी, स्टोअर सगळं एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली. नावं बदलली, रीत तीच राहिली. दिवसा स्क्रीनवर एखादा अवजड रिपोर्ट काढायला घेतला आणि मूळ सेटिंगप्रमाणे सहाशे सेकंद उलटले, की सॅप तो अर्ध्यावर तोडतं. तोच बॅकग्राउंडला, म्हणजे स्क्रीन न अडवता आपोआप चालणारा जॉब म्हणून, लावला तर ही मर्यादा आड येत नाही. चालू दे रात्रभर.

स्वतःच्या धंद्यासाठी नोकरी सोडली तेव्हा वडील दोन दिवस बोलले नाहीत. पहिली दोन वर्षं बिलांचे फॉरमॅट करून दे, छोटे रिपोर्ट लिहून दे, यातच गेली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी सुरुवात २००९ची, नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यातून. स्टोअरच्या भाईंचा फोन आला, "साहेब, चार दिवसथी एक पण पीआर नथी पडी." खरेदीच्या मागण्या (पीआर) काढणारा एमआरपी हा जॉब रोज रात्री दीड वाजता चालायचा. भाईंनी स्वतः एसएम ३७, म्हणजे जॉबची यादी दाखवणारा सॅपचा पडदा, उघडून पाहिलं होतं आणि त्यांना काहीच दिसलं नव्हतं. दिसणार कसं? त्या पडद्यावर यूजरच्या रकान्यात आधीपासून आपलंच नाव असतं, त्यामुळे आपलेच जॉब दिसतात. मी नाव पुसून तिथे चांदणी (*), म्हणजे "सगळे", टाकली आणि चार रात्रींच्या चार लाल ओळी समोर आल्या. कॅन्सल्ड. लॉग उघडला तर एकच वाक्य: अमुक यूजरचं लॉगऑन झालं नाही.

तो अमुक गेल्या महिनाअखेरीस नोकरी सोडून परदेशी गेला होता. एचआरने, एरवी कधी न दाखवलेल्या तत्परतेने, त्याचा आयडी लॉक करून टाकला होता. कारखान्याचे एकतीस जॉब त्याच्या नावावर चालत होते, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने निरोपाचं सामोसा-पेंडा वाटप केलं, पण जॉबची यादी कुणाला दिली नाही. मागितलीही नव्हती म्हणा कुणी.

उपाय तासाभराचा होता. जॉबसाठी वेगळा सिस्टिम प्रकारचा यूजर करायचा, ज्याला स्क्रीनवरून लॉगिनच करता येत नाही आणि ज्याचा पासवर्ड मुदत संपून बंद पडत नाही. मग प्रत्येक जॉबच्या स्टेपमध्ये जुन्याच्या जागी हे नाव घालायचं. त्या यूजरला मात्र हवे तेवढेच अधिकार द्यायचे. घाईत सगळेच अधिकार देऊन मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत.

वेळ खाल्ला तो पुढच्या प्रश्नाने. एकतीस जॉब घेऊन मी टेबलाटेबलाशी फिरलो, "हा कुणाला लागतो?" अकरा जॉबना धनीच सापडला नाही. एक रिपोर्ट रोज रात्री अशा प्रिंटरला जात होता, जो कधीच भंगारात गेला होता. ती स्पूलं, म्हणजे छापायच्या राहिलेल्या प्रती, सिस्टिममध्ये नुसती साचत होती. स्पूलच्या क्रमांकांना मूळ मर्यादा बत्तीस हजारांची. ती भरली की छपाईचा दुसरा, चांगला जॉबही पडतो. महिनाअखेरीचा एक रिपोर्ट तर आठ महिने त्याच मार्च महिन्याचे आकडे काढत होता, कारण व्हेरियंटमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठी जपून ठेवलेल्या निवडींत, तारीख हाताने भरलेली होती. ती चालू महिन्यावरून आपोआप यावी अशी सोय तिथेच असते. आठ महिने तो रिपोर्ट कुणीच वाचला नव्हता, हे ओघाने आलंच.

त्या दिवशी परत येताना खंडेराव मार्केटच्या बाजूने एक लाल कापडी बांधणीचा चोपडा विकत घेतला. एका ओळीत एक जॉब: नाव, धनी, त्याचा फोन, कितीला संपायलाच हवा, त्याच्यामागे कोण थांबलं आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: पडला तर पुन्हा लावायचा की आधी कुठवर गेला ते बघायचं? फाइलमधून नोंदी टाकणारा जॉब अर्ध्यावर पडला आणि कुणी उत्साहाने पुन्हा लावला, तर पहिल्या अर्ध्या नोंदी दुबार होतात. आता हे सगळं एक्सेलमध्ये आहे, पण दिवाळीला चोपडापूजनात तो लाल चोपडाच असतो. आमच्या गुजराती गिऱ्हाइकांना त्याचं फार कौतुक.

चोपडा भरताना लोकांचे स्वभाव कळतात. जॉबला ए, बी, सी असे तीन वर्ग असतात आणि नेहमीच्या कामाला सी पुरतो. पण प्रत्येक खात्याला ए हवा. सगळ्यांनाच पहिल्या पंगतीला बसायचंय, मग वाढणार कोण? वेळही सगळ्यांना रात्री बाराचीच हवी. आम्ही कुणाला बारा सात देतो, कुणाला बारा एकोणीस. आणखी एक आवडती चूक म्हणजे घड्याळावर लावलेली साखळी: पहिला जॉब एकला, दुसरा दोनला, "तासात होतंच." सुरुवातीला होतं. पुढे डेटा वाढतो, पहिल्याला एक तास वीस मिनिटं लागतात, आणि दुसरा अर्धवट आकडे उचलून हिरवाच्या हिरवा संपतो. लाल ओळीची मला भीती नाही. चुकीच्या हिरव्या ओळीची वाटते. म्हणून दुसरा जॉब पहिल्याच्या मागे बांधायचा, आणि पहिला नीट संपला तरच सुरू व्हावा या अटीवर खूण करायची.

३० जून २०१७च्या रात्री, जीएसटी लागू होण्याआधी, बिलं काढणारे जॉब आम्ही मुद्दाम रोखून धरले आणि नव्या कराचे कोड तपासून झाल्यावर सकाळी सोडले. ती रात्र निभावली.

२०१९ची नाही निभावली. ३१ जुलैला वडोदऱ्यात पाऊस कोसळला, विश्वामित्री नदी गावात आली, मगरी रस्त्यावर आल्या. एका गिऱ्हाइकाने सर्व्हर वेळेत बंद केला, आणि पाणी ओसरल्यावर आमच्या सांगण्यावरून दुपारी चालू केला. सिस्टिम बंद असताना ज्या जॉबची वेळ उलटून जाते ते विसरले जात नाहीत. सिस्टिम उठताच सगळे एकदम उठतात. सहा बॅकग्राउंड प्रोसेस आणि दारात सत्तरेक जॉब. त्यात थकबाकीची स्मरणपत्रं मेलने धाडणारा एक होता. ज्यांच्या घरात गुडघाभर चिखल, त्यांना त्याच दुपारी आमच्याकडून तगादा. जॉबला "या वेळेनंतर सुरू करू नये" अशी मुदत घालता येते. आम्ही घातली नव्हती. बंद करण्याआधी बीटीसीट्रान्स १ (BTCTRNS1) हा सॅपचा प्रोग्राम चालवून सगळे जॉब निलंबित ठेवता येतात आणि मग बीटीसीट्रान्स २ (BTCTRNS2) ने मोकळे करता येतात. तेही मी सांगायला विसरलो. मालकांसोबत बसून मी स्वतः बाराजणांना फोन केले. एक काका म्हणाले, "पैसे देतो रे, आधी फ्रिज उलटा पडलाय तो उभा करू दे."

त्यानंतर मी रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडू लागलो. सयाजीराव विद्यापीठातून शिकून आमच्याकडे लागलेल्या मुलीने एकदा शेव उसळ खाता खाता विचारलं, "काका, तुम्ही जागलात म्हणून जॉब लवकर संपतो का?" तिनेच मग नियम केला. एका गिऱ्हाइकाचे फार तर पाच जॉब माणसाला उठवू शकतात. बाकीचे सकाळी साडेसहाला जो पाळीवर असेल तो बघेल. कोणते पाच, यावर खातेप्रमुखांची भांडणं होतात. ती आम्ही त्यांच्यातच होऊ देतो.

आता नऊजण आहोत. सॅपच्या जुन्या ईसीसी पिढीची नेहमीची देखभाल २०२७अखेर संपते, म्हणून बहुतेक गिऱ्हाइकं एस फोर या नव्या पिढीच्या वाटेवर आहेत आणि पहिल्याच बैठकीत चोपडा मागतात. गेल्या वर्षी मकरपुऱ्यातला माझा जुना कारखाना आला. त्यांच्या यादीत एका जॉबच्या नावाशेवटी माझी आद्याक्षरं होती. २००४मध्ये मीच लावलेला, रोज रात्री सव्वातीनला एक टेबल भरणारा. लाइन प्रिंटरसाठी असावा. सगळ्या खात्यांत विचारलं, धनी सापडेना. शेवटी मंगळवारी रात्री बंद केला आणि बुधवारी दुपारपर्यंत फोनकडे बघत बसलो. कुणाचाही आला नाही.